जुन्या आलिशान फोर-बाय-फोरचं इंजिन बसलं तर काय करायचं, आणि कुठल्या क्रमानं

डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्ट, मर्सिडीज जीएल, बीएमडब्ल्यू एक्स-५, ऑडी क्यू-७. कोकणात दहा-पंधरा वर्षं चाललेल्या या डिझेल गाड्यांचं इंजिन गेलं की खर्च मोठा येतोच. पण त्या खर्चातला बराच भाग इंजिन गेल्यानंतर होतो. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा सेल्फ मारला जातो, ती दोरीनं ओढत नेली जाते, काढलेलं ऑइल फेकून दिलं जातं आणि कारण न शोधता दुसरं इंजिन बसवलं जातं. मग तेही काही महिन्यांत खटखटायला लागतं. कामं सगळी तीच असतात, फक्त क्रम चुकतो. खालचा क्रम मोडू नका.

१. गाडी थांबवा आणि इंजिन पुन्हा सुरू करू नका

ऑइलचा लाल दिवा लागला, खालून जड ठोके ऐकू आले किंवा तापमानाचा इशारा आला, तर पुढचं वळण, पुढचं गाव, पुढचं गॅरेज असा हिशेब करू नका. सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद करा. ऑइलचा दाब गेल्यावर बेअरिंग काही सेकंदांत खरवडतं. घाटात असाल तर चाकांना दगड लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि माणसांना कठड्याच्या आत उभं करा.

"एकदा सेल्फ मारून बघूया" असं कोणीतरी म्हणेलच. मारू देऊ नका. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर फिरणारे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बेअरिंग फिरलं असेल तर क्रँक (पिस्टन जिला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) तुटते. तिन्ही वेळा पहिलं नुकसान लहान होतं, दुसरं मोठं होतं.

थांबल्याबरोबर मोबाइलमध्ये हे टिपून ठेवा:
- डॅशबोर्डवरचे सगळे दिवे आणि संदेश, फोटोसकट.
- आधी काय झालं: आवाज, धूर, ताकद कमी होणं की एकदम बंद पडणं.
- आवाज इंजिनच्या वेगाबरोबर बदलत होता का.
- शेवटचं ऑइल कधी आणि कुठल्या दर्जाचं घातलं.

फिटरला ही चार ओळींची माहिती दिली की निदानाचा अर्धा दिवस वाचतो.

*सावधान:* तापलेल्या इंजिनच्या कूलंट टाकीचं झाकण किमान तासभर उघडू नका आणि इंजिनवर गार पाणी ओतू नका. नंतर पातळी भरायची वेळ आली तरी समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी टाकू नका. त्यातले क्षार अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर आतून खातात.

या गाड्यांच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. अनेक मॉडेलमध्ये काटा मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बसवलेला असतो, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीचा (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटचा) साधा रीडर लावून खरा आकडा बघा. ११० अंशांच्या वर जात असेल तर थांबायलाच हवं.

२. फ्लॅटबेडवरच (चारही चाकं वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर) न्या

गाडीचं वजन साधारण सव्वादोन ते पावणेतीन टन असतं, ती ऑटोमॅटिक असते आणि चारही चाकं सतत जोडलेली असतात. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही. दोरीनं ओढली किंवा दोन चाकं उचलून नेली, तर इंजिनच्या जोडीला गिअरबॉक्स किंवा चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केसही जाते. म्हणून क्रेनवाल्याला फोनवर आधी तीन गोष्टी विचारा: फ्लॅटबेड आहे का, पावणेतीन टन पेलेल का, विंच चालू आहे का.

हवेच्या सस्पेन्शनची गाडी उभ्या-उभ्या खाली बसते. डिस्कव्हरीसारख्या गाडीत इंजिन बंद असेल तर ती परत उचलता येत नाही, मग पुढचा बंपर रॅम्पला घासतो. दीड-दोन इंच जाडीच्या चार लाकडी फळ्या चाकांखाली टाकून चढ सौम्य करून घ्या. हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक असेल आणि बॅटरी उतरली असेल, तर हातानं सोडायची केबल कुठे आहे आणि गिअर न्यूट्रलला कसा आणायचा, हे गाडीच्या पुस्तकातून घरबसल्या शोधून ठेवा. रात्री परशुराम घाटात ते शोधायची पाळी येऊ नये. पट्टे चाकांना बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या आर्मला नको.

कुठे न्यायची हेही आत्ताच ठरवा. रायगडातून मुंबई-पुणे सोयीचं. रत्नागिरी, सिंधुदुर्गातून कोल्हापूर जवळ पडतं, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव भागात मशीनिंगची परंपरा मोठी आहे. पावसाळ्यात आंबा, करूळ, फोंडा, आंबोली यांतला कुठला घाट चालू आहे ते निघायच्या दिवशी विचारा. जवळच्या गॅरेजमध्ये "तोवर उघडून ठेवतो" या बोलीवर गाडी सोडू नका. अर्धवट उघडलेलं इंजिन नंतर कोणीच जबाबदारीनं घेत नाही.

३. पाणी शिरलं असेल तर वेगळा आणि घाईचा क्रम

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. किनाऱ्यावर वाळूत रुतून भरतीत सापडणाऱ्या गाड्यांचं वेगळंच. उभी गाडी बुडाली आणि इंजिन फिरवलं गेलं नाही, तर ते बहुधा वाचतं. अट एकच: वेळ घालवू नका. विम्याचा दावा करायचा असेल तर मात्र काही उघडण्याआधी चौथा टप्पा वाचा.

१. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.
२. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर पाणी आत गेलं असं धरूनच चाला.
३. ऑइल काढा. पाणी जड असतं, ते आधी येतं.
४. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना उष्णता देणारे प्लग) काढून इंजिन हातानं फिरवा, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडेल.
५. प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल सोडा आणि पुन्हा फिरवा.
६. नवं ऑइल, नवा फिल्टर. पुढे चालू केल्यावर थोड्याच वेळात दोन्ही परत बदला.

खारं पाणी असेल तर हे सगळं त्याच दिवशी व्हायला हवं. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरायला कोकणातली एक दमट रात्र पुरते.

४. काही उघडण्याआधी विम्याला कळवा

साध्या पॅकेज पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. पाणी शिरून झालेलं इंजिनचं नुकसानही सहसा इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम असेल तरच मिळतं, आणि जुन्या गाडीला ते कलम मिळणं कठीण. तरी पूर किंवा अपघात असेल आणि दावा करायचा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत एकही बोल्ट फिरवू देऊ नका. उघडलेल्या इंजिनवर दावा टिकणं कठीण.

५. स्वस्तापासून महागाकडे निदान करा

बंद पडलेलं प्रत्येक इंजिन मेलेलं नसतं. लँड रोव्हरच्या २.७ आणि ३.० व्ही-६ डिझेलला दोन बेल्ट आहेत: पुढचा टायमिंगचा, मागचा डिझेलच्या हाय-प्रेशर पंपाचा. मागचा तुटला तर इंजिन फक्त बंद पडतं, आत सहसा काही मोडत नाही. पुढचा तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. मालकाला दोन्ही वेळा गाडी सारखीच बंद पडलेली दिसते.

(अ) बॅटरी आणि अर्थिंग. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. किनाऱ्यावरच्या गाडीचे अर्थिंगचे पट्टे आणि सेन्सरचे कनेक्टर काढून बघा. हिरवट पावडर दिसली की खोट्या इशाऱ्यांचा उगम सापडला. अलिबाग-मुरूडच्या बंगल्यांत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरिंग नेहमीची.

(आ) स्कॅन. कोड वाचा, प्रिंट किंवा फोटो घ्या, मगच पुसा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणाऱ्या गाडीत क्रँक सेन्सरचा संशय आधी घ्या.

(इ) हातानं फिरवणं. बाहेरचा बेल्ट आधी काढा, कारण जाम झालेला एसी कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर इंजिन सीझ झाल्याचा भास देतो. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनं सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. कुठे टणक अडलं तर जोर लावू नका.

इथे व्ही-६ लँड रोव्हरसाठी एक खास तपासणी आहे. या इंजिनात मेन बेअरिंगची पाटी जागेवर फिरून ऑइलचं भोक झाकते, क्रँक कोरडी पडते आणि तुटते. तडा तिरका जातो, त्यामुळे तुटलेले दोन तुकडे एकमेकांत अडकून फिरत राहतात आणि "इंजिन फिरतंय, म्हणजे ठीक आहे" असा समज होतो. स्टार्टर काढा. एकानं पुढची पुली हलवावी, दुसऱ्यानं स्टार्टरच्या भोकातून मागची फ्लेक्स प्लेट (क्रँकच्या मागच्या टोकाची तबकडी) बघावी. पुली हलते आणि प्लेट मागून उशिरा हलते, असा फरक दिसला तर क्रँक तुटली आहे. पुढच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही, थेट सातव्या टप्प्यावर जा.

(ई) ऑइलचा दाब. दिवा सेन्सर बिघडूनही लागतो. सेन्सर काढून त्या जागी यांत्रिक गेज लावा. स्टार्टरवरच दाब चढतो का बघा आणि चढला तरच काही सेकंद चालू करा. गरम इंजिनला आयडलवर साधारण १ बार आणि २००० आरपीएमला २ बारच्या वर दाब हवा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. दाब चांगला आणि तरी ठोका असेल तर इंजेक्टर आणि तडकलेली फ्लेक्स प्लेट तपासा. दोन्हींचा आवाज बेअरिंगसारखा येतो.

(उ) कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन. या इंजिनांना बहुधा २५ बारच्या आसपास कॉम्प्रेशन असतं. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, ५ बारपेक्षा जास्त फरक म्हणजे त्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. मग तिथे दाबाची हवा सोडून कान लावा. इनटेकमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग किंवा पिस्टन. कूलंट टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेलं हेड.

*सावधान:* जुने ग्लो प्लग हेडमध्येच तुटतात आणि मग हेड उतरवावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल टाकून ठेवा आणि हलक्या हातानं पुढे-मागे करत काढा. अडला तर थांबा.

६. ऑइल आणि फिल्टर: खरी साक्ष इथे आहे

हा टप्पा गॅरेजमध्ये सर्रास वगळला जातो. ऑइल स्वच्छ, कोरड्या डब्यात काढायला सांगा आणि मधल्या धारेतलं पावशेर एका बाटलीत भरून तारीख लिहून ठेवा.

फिल्टरचा कागद ब्लेडनं दोन्ही टोकांपासून कापा आणि पांढऱ्या थाळीत उलगडा. डिझेलनं धुऊन उन्हात तिरका धरा. एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून थाळीभर फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेला चुरा वेगळा पडतो.

- चुंबकाला काळी, मऊ पेस्ट: वयाप्रमाणे झीज, चिंता नको.
- चुंबकाला न चिकटणारे, माशाच्या खवल्यासारखे चकचकीत कण: बेअरिंगचा वरचा थर निघतोय.
- तांबूस-सोनेरी कण: वरचा थर संपून खालचा लागला. क्रँकला ओरखडे असणारच.
- चिकटणाऱ्या टोकदार लोखंडी किसण्या: चेन, ऑइल पंप, कॅम किंवा क्रँक.
- काळ्या-तपकिरी प्लॅस्टिकच्या चिपा: चेनच्या गाइड. क्यू-७ च्या आणि साधारण २०१० नंतरच्या एक्स-५ च्या सहा सिलिंडर डिझेलमध्ये चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, म्हणून मजुरी वाढते.
- ऑइल दुधाळ: हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. फक्त झाकणाखालची पांढरट साय बघून ठरवू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती येतेच.
- पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास: इंजेक्टर गळतोय, किंवा डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) सफाईतलं डिझेल खाली उतरतंय. पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंग गेलं, असा संबंध इथे लागतो.

*तपासा:* चमकदार कण असतील तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून किमान एक मेन आणि एक रॉड बेअरिंगची पाटी बघितल्याशिवाय कोणतंही एस्टिमेट मान्य करू नका.

७. पैसे घालायचे की नाही

इंजिनचा हिशेब करण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या. किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीची चॅसी मागच्या भागात हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज आला तर पत्रा सडला आहे. ब्रेकचे लोखंडी पाइप, सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं ऑइल बघा. चॅसी सडलेली असेल तर नवं इंजिन बसवणं म्हणजे पडक्या घराला नवं छप्पर घालणं.

एस्टिमेट लेखी आणि चार भागांत घ्या: काढण्या-बसवण्याची मजुरी, इंजिन किंवा मशीनिंग, सोबत बदलायचे भाग, वाहतूक आणि कागदपत्रं. त्यावर तीसएक टक्के राखीव धरा. गंजलेले बोल्ट तुटतात आणि डिस्कव्हरीसारख्या गाडीत मोठ्या कामासाठी बॉडीच चॅसीवरून उचलायची पद्धत असते, म्हणून ही राखीव रक्कम लागतेच. एकूण आकडा चालू स्थितीतल्या गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर गेला, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: आहे तशी विका.

८. इंजिन निवडणं

*आपलंच इंजिन बांधणं.* मशीन शॉपला ब्लॉक कशाचा आहे ते आधी सांगा. लँड रोव्हर व्ही-६ आणि ऑडी ३.० टीडीआयचे ब्लॉक कॉम्पॅक्टेड ग्राफाइट लोखंडाचे आहेत, साध्या बिडापेक्षा कापायला कठीण. मर्सिडीज ओएम-६४२ चा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत लोखंडी लायनर. क्रँक ग्राइंड करायची असेल तर आधी क्रॅक टेस्ट, नंतर कडकपणाची मोजणी, आणि त्या मापाची अंडरसाइज बेअरिंग हातात आल्यावरच ग्राइंडिंग. व्ही-६ लँड रोव्हरची निळी पडलेली क्रँक घासून वापरू नका. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या रॉडपासूनच फोडून वेगळ्या केलेल्या असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही आणि त्या घासताही येत नाहीत. मशीनिंग झालेल्या ब्लॉकला तिथेच ऑइल चोळून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा.

*वापरलेलं इंजिन.* मुंबईत कुर्ल्याला मिळतात. बिल, इंजिन नंबर आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर हात लावू नका. विकत घेण्याआधी चेंबर उघडून बेअरिंग बघायची अट घाला. विक्रेता नाही म्हणाला तर ते उत्तरच पुरेसं आहे. बसवण्याआधी बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचं ऑइल सील आणि ऑइल पंप नवे. २.७ लँड रोव्हरमध्ये ऑइल पंपाच्या ओतीव भागावरच बेल्टच्या टेन्शनरचा आधार असतो आणि तो मोडतो, म्हणून पंप सुधारित आवृत्तीचाच घ्या. ओएम-६४२ असेल तर इंजिन बाहेर असतानाच व्हीच्या खाचेतल्या ऑइल कूलरची सीलं बदला, नंतर तिथे पोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं.

*हाफ इंजिन (हेड सोडून खालचं इंजिन).* नवं किंवा खात्रीचं हाफ इंजिन मिळालं आणि आपलं हेड शाबूत असेल, तर महाग पडूनही हाच मार्ग जास्त टिकतो.

९. जुना चुरा नव्या इंजिनात जाऊ देऊ नका

दुसरं इंजिन बसवूनही ते जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. बेअरिंगचा चुरा ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांत अडकतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. कूलर नवाच घ्या. टर्बोच्या ऑइलच्या नळ्या नव्या, टर्बोचं कार्ट्रिज उघडून तपासलेलं. इंटरकूलर आणि त्याचे होज धुऊन सुकवा, आत साचलेल्या ऑइलवर इंजिन बेफाम धावू शकतं. फिल्टरचं घर, ब्रीदर, चेंबरचे कोपरे हातानं पुसा.

*तपासा:* जुना ऑइल कूलर तुमच्या ताब्यात मागून घ्या. तो हातात आला तरच बदलला.

१०. जोडणी आणि पहिली सुरुवात

हेड, मेन आणि रॉडचे ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे. हेड गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो ते मोजून निवडा, जुन्यावरच्या खुणा बघून नको. इंजेक्टर बदलले असतील तर प्रत्येकावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) भरा, नाहीतर आयडलवर ठोका येत राहील.

१. ऑइल: गाडीच्या कंपनीनं त्या इंजिनसाठी सांगितलेल्या दर्जाचं. नुसतं "५डब्ल्यू-३०" लिहिलेलं पुरत नाही, डब्यावरचा मंजुरी क्रमांक जुळवा.
२. कूलंट गाडीच्या पुस्तकातल्या प्रकाराचं, डिस्टिल्ड पाण्यात. हवा राहू नये म्हणून व्हॅक्यूमनं भरा.
३. डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. हाय-प्रेशर पंप कोरडा फिरला तर तोही चुरा सोडतो.
४. इंजेक्टरचे कनेक्टर काढून १०-१० सेकंद सेल्फ द्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. यांत्रिक गेजवर दाब दिसल्याशिवाय कनेक्टर लावू नका.
५. सुरू झाल्यावर रेस करू नका. गळती, दाब आणि ओबीडीवरचं तापमान एकाच वेळी बघायला दोन माणसं हवीत.

पहिले १००० किलोमीटर ताण हलका ठेवा, पण वेग बदलता ठेवा. भरलेली गाडी घेऊन आंबा घाट चढायची ही वेळ नाही.

११. आरसी आणि पहिला फिल्टर

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. नुसती क्रँक बदलली तर कागद बदलत नाहीत. ब्लॉक बदलला तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी आणि बदलानंतर १४ दिवसांत आरटीओला नोंद. पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग, जिथे तुमची गाडी असेल तिथे. इंजिनचं बिल आणि गॅरेजचं पत्र जोडा, विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. नव्या ब्लॉकवर जुना नंबर ठोकून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. तो गुन्हा आहे आणि अडकता तुम्ही.

५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टर पुन्हा कापा, पुन्हा पांढरी थाळी, पुन्हा चुंबक. थोडी काळी पेस्ट चालेल. एकही चमकदार खवला दिसला तर गाडी तिथेच उभी करा आणि वॉरंटीच्या लेखी कागदासह गॅरेजला बोलवा. स्वच्छ निघाला तर पुढचं ऑइल २००० ला, आणि त्यानंतर दर ८००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते.